ओव्हरऑइल की नवी? डाउनीव्हिलच्या उतारावर दोन दिवस

चढ लागला की माझी सायकल बोलायला लागते. डावं पेडल खाली गेलं की 'कट्', उजवं गेलं की 'कर्र'. मागच्या पिव्होटची, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्याची, बेरिंगं गेली आहेत, हे मला वर्षभर माहीत आहे. २०१० मध्ये ही फुल सस्पेन्शन माउंटन बाइक बाराशे डॉलरना सेकंडहँड घेतली, तेव्हा ती एका वर्षाची होती. सव्वीस इंची चाकं, पुढे-मागे १२० मिलिमीटर सस्पेन्शन, पुढे तीन आणि मागे नऊ गिअर. त्या वेळी आमच्या टोळक्यात सगळ्यात भारी सायकल माझी. आता सगळ्यात जुनी माझी.

साताऱ्याला बाबांकडे ॲटलास होती. एकतीस वर्षं. पावसाळा संपला की ती राजवाड्याजवळच्या सायकलवाल्याकडे ओव्हरऑइलला जायची. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, चाकांचा आउट काढायचा, संध्याकाळी सायकल दारात. सायकल 'अपग्रेड' करायची असते ही कल्पनाच आमच्या घरात नव्हती. त्या घरातून कॅलिफोर्नियात आलेला मी चार हजार डॉलरची सायकल दुकानात नुसती हाताळतो, पेडल मागे फिरवून बघतो आणि एक ट्यूब विकत घेऊन बाहेर पडतो.

बायको म्हणाली, "एकदाचा निकाल लाव. कर्र तरी थांबव नाहीतर नवी तरी घे."

म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन मित्रांबरोबर कॅलिफोर्नियाच्या डोंगरातलं डाउनीव्हिल गाठलं. बेत साधा होता. शनिवारी माझी सायकल, रविवारी भाड्याची नवी. वाट तीच, माणूस तोच.

घरून, म्हणजे फ्रीमाँटहून, निघालं की ऑबर्नपर्यंत नुसता हायवे आणि ट्रॅफिक, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ऑबर्नला ४९ नंबरचा रस्ता लागतो आणि ग्रास व्हॅली, नेव्हाडा सिटी मागे टाकली की तो युबा नदीच्या खोऱ्यात वळणं घेत शिरतो. या रस्त्याचा नंबरही १८४९ साली सोन्यासाठी इकडे धावत आलेल्या लोकांवरून पडलाय. डाउनीव्हिल त्यांनीच वसवलं. डाउनी नदी जिथे उत्तर युबेला मिळते तिथे, डोंगराच्या बेचक्यात, आज जेमतेम काही शे वस्तीचं गाव. लाकडी फळ्यांचे फुटपाथ, जुनी विटांची दुकानं, आणि कोर्टाशेजारी फाशीचा सांगाडा. तो १८८५ मध्ये एकदाच वापरला गेला. आम्ही पोचलो तेव्हा अंधारत होतं आणि गाडी नेमकी त्याच्याजवळ लावली गेली. मागच्या रॅकवर माझी सायकल. मित्र म्हणाला, "बघ, तिला कळलंय."

गाव आहे साधारण २,९०० फुटांवर, आणि पॅकर सॅडल नावाची खिंड ७,००० फुटांच्या आसपास. सकाळी व्हॅन माणसांना आणि तिच्यामागचा ट्रेलर सायकलींना वर घेऊन जातो. तिथून पंधरा-सोळा मैल बहुतांशी उतार, थेट गावापर्यंत. या वाटा राखायचं काम सिएरा ब्यूट्स ट्रेल स्टुअर्डशिप ही संस्था २००३ पासून करते आहे. सोनं संपलं, लाकडाचा धंदा आटला, आता गावात सायकलवाले येतात.

ट्रेलरवर सायकली चढवणारा पोरगा माझ्या सायकलीशी अडखळला. बाकी सगळी चाकं एकोणतीस इंची, त्यात माझं चाक म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. "ट्वेंटी सिक्स!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं की करुणा, ते ठरवता आलं नाही. तो जन्मला तेव्हा हीच चाकं सगळीकडे होती. २०१२ ते २०१४ च्या सुमारास कंपन्यांनी दोन-तीन वर्षांत सव्वीस इंचांना निरोप दिला.

वर थंडी होती. सनराइज ट्रेलने सुरुवात सौम्य होते. झाडी, वळणं, आणि महिनोन्महिने पाऊस नसल्यामुळे घोटाभर फुफाटा. हे सगळं माझ्या सायकलीला जमतं. खरी परीक्षा बुचर रँचवर. ओढ्याच्या काठाने उतरणारी वाट, आणि वाट म्हणजे मोकळे दगड, पायऱ्यांसारखे कडे, मधेच ओली मुळं. पहिल्या तीव्र उताराआधी मी थांबलो, उतरलो, सीटची कळ उघडली, सीट खाली केली, कळ लावली. दोन्ही मित्र अंगठ्याने बटण दाबून, सीट खाली घालवून केव्हाच पुढे गेले होते. पुढे छोटा चढ आला. पुन्हा उतरलो, सीट वर. असं सात वेळा झाल्यावर मोजणं सोडलं आणि सीट खालीच ठेवली. मग चढावर गुडघे छातीला लागायला लागले.

दगडांत मी सतत पुढच्या चाकाच्या डोक्यावर असल्यासारखा होतो. एका कड्यावरून उतरताना मागचं चाक उचललं गेलं, आणि हँडलवरून पलीकडे जाण्याआधीचा तो अर्धा सेकंद मला आला. पलीकडे गेलो नाही. पण त्या अर्ध्या सेकंदात बायको, मुलगी, विम्याचा हप्ता असं सगळं दिसून गेलं.

मग थर्ड डिव्हाइड. इथे वाट सुसाट सुटते. मागचा शॉक प्रत्येक खड्ड्यात खाली बसायचा आणि वर येताना मला उडवायचा. चेन पडली ती नेमकी पुढच्या चक्रात आणि फ्रेममध्ये अडकली. काढताना बोटं काळी, तोंडात शुद्ध साताऱ्याची भाषा. आणि शेवटच्या मैलभरात ब्रेकची कळ हळूहळू हँडलपर्यंत यायला लागली. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझ्या ब्रेकमधलं डॉट फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. फ्लुइड जुनं झालं की लांब उतारावर तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि कळ दाबली तरी दाबली जाते ती वाफ. फ्लुइड शेवटचं केव्हा बदललं होतं? आठवेना.

गावात पोचलो, शूज काढले आणि पाय युबेत सोडले. पाणी बर्फासारखं. मनात निकाल लागला होता.

रविवारी भाड्याची सायकल. दिवसाचं भाडं सव्वाशे डॉलर, म्हणजे बाबांच्या ॲटलासहूनही जास्त. एकोणतीस इंची चाकं, १५० मिलिमीटर सस्पेन्शन, पुढे एकच चक्र आणि मागे बारा, सीटला बटण. दुकानातल्या बाईंनी आधी वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाठीवरचं सामान धरून?" मग मला बसवून त्यांनी दोन्ही शॉकची हवा पंपाने भरली, माझ्या वजनाने सस्पेन्शन तीसेक टक्के बसतंय ना ते रबरी कडी सरकवून पाहिलं, शॉक परत वर यायचा वेग दोन खटक्यांनी कमी केला. दहा मिनिटांचं काम.

पहिली पंधरा मिनिटं वाटलं की एसटी चालवतोय. आखूड वळणांवर पुढचं चाक कुठेतरी लांब, पलीकडच्या तालुक्यात. पण बुचर रँच लागलं आणि मी गप्प झालो. कालचा कडा आला, गेला. मला तो ओळखूही आला नाही. दगडावरच्या शेवाळाच्या डागावरून मागे वळून खात्री केली. गंमत म्हणजे हा फरक जास्तीच्या तीस मिलिमीटर सस्पेन्शनचा नव्हता. माझ्या सायकलीचा पुढचा काटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, ६९ अंशांत उभा आहे, हिचा ६४.५. म्हणजे हिचं चाक माझ्यापेक्षा बरंच पुढे जमिनीला टेकतं. माझ्या हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढे आलेला तुकडा, ९० मिलिमीटर, हिचा ४०. माझं हँडल ६६० मिलिमीटर रुंद, हिचं ७८०. माझ्या सायकलीवर मी पुढच्या चाकावर ओणवा असतो. हिच्यावर मी दोन चाकांच्या मध्ये उभा होतो. आणि मोठं चाक दगडाला चढतं, लहान चाक त्याला धडकतं, हे तर बैलगाडी बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

फर्स्ट डिव्हाइडला गावाच्या अलीकडे छोटे छोटे चढ आहेत. तिथे काल मी ढकलत चाललो होतो. आज मागचं एक्कावन दातांचं ताट लावलं आणि बसून चढलो. हे वाचून कुणी म्हणेल की जुन्या सायकलीची मजा वेगळी असते. नसते. नवी सायकल प्रत्येक बाबतीत चांगली होती, आणि उगाच गळे काढण्यात अर्थ नाही.

दरवर्षी इथे शर्यत भरायची तिचा एक नियम मला फार आवडतो. शनिवारी डोंगर चढून-उतरून लांबची शर्यत, रविवारी नुसती उताराची, आणि दोन्हींच्या एकत्रित किताबासाठी सायकल दोन्ही दिवस तीच, वजन करून. म्हणजे कोणी दुसऱ्या दिवशी सोयीची सायकल आणायची नाही. परतीच्या वाटेवर या नियमाचा विचार करताना डोक्यात लख्ख पडलं की मी नेमकी उलटी लबाडी केली होती. शनिवारी सर्व्हिसिंग न केलेली जुनी, रविवारी त्याच सकाळी हवा-पाणी बघितलेली नवी. हा सामना बरोबरीचा कुठे होता? माझ्या मागच्या शॉकमध्ये हवा किती आहे, हे मी शेवटचं मोजलं त्यानंतर माझं स्वतःचं वजन नऊ किलोंनी वाढलंय.

सोमवारी संध्याकाळी वही घेऊन बसलो. सायकलीतलं काय ओव्हरऑइलने सुटतं आणि काय मुळातच तिच्या हाडात आहे? कर्र, उडवणारा शॉक, बसलेले ब्रेक, हे सगळं माझ्या आळसाचं होतं. सीटला बटण लावता येतं, बाहेरून केबल घेऊन. रुंद हँडल, आखूड स्टेम, हेही होतं. पण ६९ अंश हे ६९ अंशच. आणि तिथेच गोची आहे. नवा काटा घ्यावा तर आता काट्यांची मान खाली जाड होत जाते, माझ्या फ्रेमची नळी खालपर्यंत सरळ आणि बारीक. नवी चाकं घ्यावीत तर मागचे हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, १४८ मिलिमीटरचे, माझ्या फ्रेमला १३५. एक गोष्ट बदलली की तिच्यापायी दुसरी, दुसरीपायी तिसरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग गेल्या वर्षीच्या फेऱ्या मोजल्या. एकूण अडतीस. त्यातल्या बत्तीस बुधवारच्या, ऑफिसनंतर, घराजवळच्या टेकड्यांवरच्या मातीच्या रस्त्यांवर. तीन वाइल्डर रँचला, समुद्राच्या कड्यावरून, जिथे सायकलीपेक्षा वारा जास्त त्रास देतो. खऱ्या अर्थाने नव्या सायकलीची गरज भासावी अशा फेऱ्या तीन. तीन दिवसांचं भाडं पावणेचारशे. चार हजारांची सायकल वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षं, आणि तोवर तिचीही मापं जुनी झालेली असणार. "नवी असली की तू जास्त वेळा जाशील," असं मित्र म्हणतो. ट्रेडमिल घेतानाही तो हेच म्हणाला होता. त्यावर सध्या धुतलेले कपडे वाळतात.

शनिवारी गॅरेजमध्ये सायकल पूर्ण खोलली. आधी फ्रेम धुऊन पुसून पिव्होटजवळच्या आणि हँडलखालच्या वेल्डिंगवरून टॉर्च फिरवला. ॲल्युमिनियमला स्टीलसारखी सहनशक्तीची तळरेषा नसते. छोटे छोटे झटकेही साठत राहतात आणि एक दिवस केसाएवढी रेघ दिसते. रेघ दिसली असती तर ही पोस्ट चार ओळींत संपली असती. नाही दिसली. पिव्होटचा बोल्ट काढला, बेरिंग बोटावर फिरवलं, आत वाळू दळल्यासारखी खरखर. कडेवर नंबर कोरलेला होता. तो घेऊन सायकलच्या नव्हे, बेरिंगच्या दुकानात गेलो. मोटरला आणि पंपाला जातं तेच बेरिंग. चारांचे मिळून छत्तीस डॉलर. ब्रेक मात्र नवेच मागवले, त्यात काटकसर नाही. शॉक दुरुस्तीला पाठवला. कारागीर फोनवर म्हणाला की या मापाची सीलं त्याच्याकडे अजून दोन संच आहेत. "एक तुमच्यासाठी वापरतो," तो म्हणाला, "दुसरा ठेवून देऊ?" मी हो म्हणालो.

काल बुधवार होता. टेकडीवर पोचेपर्यंत सायकल एक शब्द बोलली नाही. सवय नसल्यामुळे मीच मधेमधे खाली वाकून बघत होतो.

घरी आलो तर डाउनीव्हिलच्या दुकानाची मेल. हंगाम संपला, भाड्याच्या सायकली विकायला काढल्या आहेत, चाळीस टक्के सूट. फोटोतली तिसरी माझी रविवारची. मागच्या चाकाजवळचा ओरखडाही ओळखला, तो मीच पाडलेला. चोवीसशे डॉलर. वहीतलं पान काढून पुन्हा भागाकार केला. तीनच्या जागी सहा फेऱ्या धरल्या तर सव्वातीन वर्षं.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण ती हे वाचते.