टार्गेटची गोळी अन् आतेभावाचं हरीण

माझा आतेभाऊ टेक्सासात असतो. नोव्हेंबरात त्याचा फोन ठरलेला: "दादा, हरणाचा सीझन लागला!" मी तेव्हा सेलूकडच्या आमच्या रानात हरभरा राखत असतो, अन् समोर काळविटं खुशाल शेंडे खुडतात. इथं १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, शिकार बंद. डबा बडवायचा, ओरडायचं, झालं. त्याच्याकडं परवाना घेतला की शिकार कायदेशीर.

औंदा त्यानं .३०८ रायफलीत १६८ ग्रेन वजनाच्या मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या, घातल्या. कागदावर नेम इतका गच्च, की गडी हुरळला. टोकाला बारीक छिद्र दिसलं, म्हणून म्हणाला, "ही अंगात शिरली की पसरून फुलणार."

कशाची फुलते! एनसीसीत .२२ चालवली तेवढीच माझी अक्कल, पण हे मी वाचून काढलं होतं. या गोळीचं तांब्याचं कवच बुडाशी बंद असतं. शिसं तोंडातून भरतात अन् तोंड आवळत आणतात. उरतं ते छिद्र. बूड एकसारखं, म्हणून नेम अचूक. शिकारीची गोळी ठरल्या पद्धतीनं फुलावी अशीच घडवतात. ही मात्र कधी दाभणासारखी आरपार जाते, तर कधी हाडावर फुटून वरवरच चिंध्या करते. सिएरा ही गोळ्या बनवणारी कंपनी स्वतःच सांगते, आमची मॅचकिंग ही मॅच गोळी बहुतेक शिकारीला वापरू नका.

त्याचं हरीण गोळी खाऊन झुडपात पळालं. रक्ताचा माग जेमतेम. बॅटरी घेऊन रात्री दहापर्यंत शोधलं, तेव्हा सापडलं.

"आत्याला सांगू नको," म्हणाला. आत्या माळकरी आहे.