"गळतीचा स्पष्ट फोटो जोडा": सायकलवरच्या मॅटचा माझा अनुभव

"गळतीचा स्पष्ट फोटो जोडा." कंपनीच्या फॉर्ममधल्या या एका ओळीपायी माझे दोन महिने गेले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतोय. सायकलवर तंबू लादून फिरणाऱ्या कुणाला झोपायची मॅट घ्यायची असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

माझं घर गुहागर तालुक्यात. डिसेंबरात किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण गाठायचं ठरवलं. हेदवी, तवसाळहून जयगडला फेरीबोट, गणपतीपुळे, आरे-वारे, भाट्ये, गावखडी, आंबोळगड आणि पुढे विजयदुर्गाच्या वाटेने खाली. आजवर मी सतरंजी न्यायचो. वाळूवर ती चालते, काताळावर नाही. जांभ्याचा सडा दिसायला सपाट, पण आडवं झालं की एकेक उंचवटा बरगडीला मोजता येतो. त्यातून मी कुशीवर झोपणारा. सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. पाठीवर झोपणाऱ्याला दोन सेंमीचा फोम पुरतो, मला नाही पुरत.

म्हणून हवेची मॅट घेतली. ७ सेंमी जाड, १८३ बाय ५१ सेंमी, वजन अर्धा किलोच्या आसपास, गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. दुकानात सगळा भर आर-व्हॅल्यूवर, म्हणजे जमिनीचा गारवा मॅट किती अडवते त्या आकड्यावर. हिमालयात जाणाऱ्याने तो जरूर बघावा. आपल्याकडे किनाऱ्यावर थंडीतही २ चा आकडा भरपूर झाला, त्यावरच्या आकड्याचे पैसे वाया. मी विचारायला हवं होतं ते कापडाचं. वीस-तीस डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापड हलकं असतं, पण सुरूच्या बनात खाली त्या काटेरी बोंडांचा सडा पडलेला असतो, केवड्याची करवतीसारखी पानं असतात, शिंपल्यांच्या कडा असतात. सत्तर-पंचाहत्तर डेनिअरचं घ्या, पाव किलो जास्त भरलं तरी घ्या. कॅरिअरला ते वजन कळतही नाही.

पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या रात्री आंबोळगडच्या सड्यावर दोनच्या सुमारास जाग आली तर कंबर थेट दगडावर. फुंकून भरली. साडेतीनला पुन्हा तेच, पाचला पुन्हा तेच. पुढच्या सगळ्या रात्री अशाच.

घरी येऊन तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर आलं की रात्री गारव्याने आतली हवा आकसते, त्यामुळे मॅट मऊ होणं स्वाभाविक आहे. हे अर्धं खरं आहे, म्हणून माणूस गप्प बसतो. मी हिशेब केला. तोंडाने भरलेली हवा ३५ अंशांची धरली आणि रात्र २० अंशांची, तर हवा साधारण ५ टक्के आकसते. तेवढ्याने मॅट मऊ पडेल, पाठ जमिनीला टेकणार नाही. शिवाय हवा एकदा थंड झाली की पुढे आकसत नाही. तेव्हा संध्याकाळी मॅट भरा, तासाभराने वरून दोन फुंका मारा आणि वर तांदळाची गोणी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी बसलेली दिसली तर गळतीच. हे तारखेनिशी लिहून पाठवलं.

त्यावर दुसरं उत्तर आलं. भोक पडलं असेल तर तो वापरणाऱ्याचा दोष, जोडणीत दोष असेल तर गळतीचा स्पष्ट फोटो जोडा. फॉर्मला व्हिडिओ चालत नाही, फक्त फोटो. आता हवेचा फोटो काढायचा कसा? आगरातल्या दोणीत मॅट बुडवली, वीतवीत दाबत गेलो. कापड सगळं शाबूत. व्हॉल्व्ह जिथे कापडाला चिकटवलाय तिथून मोहरीएवढा बुडबुडा आला, चार-पाच सेकंदांनी दुसरा. पाण्याखाली काढलेले सोळा फोटो पाठवले. उत्तर: "फोटो अस्पष्ट आहे." मध्ये आमच्याकडे आठवडाभर नेटवर्क नव्हतं, तेवढ्यात ग्राहकाकडून प्रतिसाद नाही म्हणून तक्रार आपोआप बंद झाली. पुन्हा नवा फॉर्म, नवा नंबर, पुन्हा बिल. या वेळी मॅटवरचा बॅच नंबरही हवा होता. तो कोपऱ्यात छापलेला, चार रात्रींच्या घामाने आणि वाळूने निम्मा पुसलेला. नवी मॅट घरात आली की आधी त्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

चिपळूणच्या पंक्चरवाल्या दादांकडेही नेली. त्यांनी बोटांनी कापड चोळून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये रबर नाय. आमचं सोल्युशन ह्येला धरायचा नाय." बरोबर होतं त्यांचं. ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, त्याला त्याच जातीचा गोंद लागतो. तो घरी आणून ठेवा, पण हमीचा दावा चालू असताना लावू नका. नकार द्यायला तेवढं निमित्त पुरतं.

फोटोचा प्रश्न आईने सोडवला. मी अंगणात वैतागून बसलो होतो, ती म्हणाली, "अरे, सिलेंडरवाला नळीला साबणाचा फेस लावून बघतो की नाही? तसं कर." शाम्पूचा दाट फेस व्हॉल्व्हभोवती थापला, मॅटवर गोणी ठेवली. दहा मिनिटांत एकाच जागी फेसाचा लिंबाएवढा फुगा वर आला, बाकीचा फेस होता तसाच. फुगा चकचकत होता, मागे व्हॉल्व्ह ठळक दिसत होता. त्या फोटोवर त्यांना एक शब्द बोलता आला नाही. मॅट पाठवून द्या, एवढंच उत्तर आलं. आईला मी ते वाचून दाखवलं.

मॅट पाठवायलाही आमच्या पिनकोडला कुरियर येत नाही म्हणे. चिपळूणला जाऊन स्वखर्चाने पाठवली. मग तीन आठवडे सगळं चिडीचूप. शेवटी १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. बिल, दोन्ही तक्रार क्रमांक, फेसाचा फोटो, कुरियरची पावती एवढं दिलं. नवव्या दिवशी बदली मॅट पाठवल्याचा मेसेज आला. नसता आला तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. हे आधी माहीत असतं तर दुसऱ्या उत्तरालाच फोन केला असता.

या सगळ्या काळात मी घडीची फोम मॅट आणली होती. मार्चमध्ये कासवांसाठी वेळासला गेलो तेव्हा तीच होती. कूस आखडली, पण पूर्ण रात्र झोप लागली. फोमला काटा टोचला तरी ती मॅटच राहते. आता दोन्ही नेतो, खाली फोम, वर हवेची. हवेची बसलीच तरी मध्यरात्री दगड लागत नाही. सकाळी व्हॉल्व्ह गोड्या पाण्याने धुतो, वाळूचा एक कण अडकला तरी झाकण नीट बसत नाही. आणि भरलेली मॅट उन्हात कधीच सोडत नाही, आतली हवा तापली की चिकटवलेल्या जोडण्यांवर ताण येतो.

बदली मॅटसोबत आलेल्या कागदावर हमी जुन्याच खरेदीच्या तारखेपासून मोजली आहे. म्हणजे दोन महिने त्यांनी घालवले आणि कापले माझ्या हमीतून. ते वाढवून द्या म्हणून परवा ईमेल केला आहे, सोबत बिल आणि तो फेसाचा फोटोही जोडलाय.