तुम्ही विचारलेत म्हणून : उतारावरची वेळ

"उतारावर धावून केलेली वेळ तुम्ही स्वतःची सर्वोत्तम वेळ म्हणून कशी काय सांगता?" हा प्रश्न गेल्या नोव्हेंबरपासून मला टेकडीवर विचारला गेला, ऑफिसात विचारला गेला आणि एका मुंजीच्या पंगतीत मठ्ठा वाढता वाढताही विचारला गेला. भाचेजावयांनी तर "मामी, पुढच्या वेळी सरळ रोपवेने या," असे सुचवले आणि सगळी पंगत हसली. मीही हसले. दर वेळी काहीतरी चटपटीत बोलून सुटका करून घेण्याचा मला आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आकडे तुम्हाला ठाऊक आहेत, तरी प्रश्नापुरते सांगते. पुण्यात, सपाटीवर, माझी हाफची, म्हणजे २१.१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनची, सर्वोत्तम वेळ २:००:४१ (दोन तास, शून्य मिनिटे, एक्केचाळीस सेकंद) आहे आणि ती २०१९ सालची आहे. पाचगणीच्या पलीकडे भिलारजवळ सुरू होऊन पसरणी घाटाने वाईत उतरणाऱ्या शर्यतीत मी १:५७:१२ अशी वेळ दिली. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबरमध्ये, पुण्यातल्या रस्त्यांवर मला २:०३:५० लागले. या तीन आकड्यांपैकी मी घाटातला सांगते, असा तुमचा आरोप आहे. तो खरा आहे.

नियमाच्या बाजूने बोलायचे तर माझी बाजू लंगडीसुद्धा नाही, ती उभीच राहत नाही. विक्रम म्हणून वेळ धरायची असेल तर सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नसावा, असा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. म्हणजे हाफला सुमारे एकवीस मीटर. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि वाई सातशेच्या थोडी वर, तेव्हा आमचा रस्ता साडेपाचशे मीटरहून अधिक खाली येतो. २०११ साली बोस्टनमध्ये केनियाच्या जेफ्री मुताईने पूर्ण मॅरेथॉन २:०३:०२ मध्ये पूर्ण केली. इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीच्या २:०३:५९ या तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ जवळजवळ मिनिटभराने सरस होती, तरी ती विश्वविक्रम म्हणून धरली गेली नाही, कारण बोस्टनचा रस्ता सुमारे १४० मीटर उतरतो आणि जवळपास एकाच दिशेने जातो. त्या दिवशी वाराही पाठीवर होता. जिथे मुताईला १४० मीटर माफ झाले नाहीत, तिथे कोथरूडच्या एका बावन्न वर्षांच्या बँक कर्मचारी बाईला साडेपाचशे मीटर कोण माफ करणार?

पण मी कुठे विक्रम मागते आहे? मी माझी वेळ सांगते आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण शर्यत निवडताना थंडीचा महिना बघतो, कमी चढाचा रस्ता बघतो, पेसर, म्हणजे ठरावीक वेगाने सोबत धावणारा, आहे का ते विचारतो आणि तळात कार्बनची पट्टी बसवलेले महागडे बूट घालतो. डिसेंबर निवडलेला चालतो, बूट निवडलेले चालतात, मग उतार निवडला की एकदम नीतिमत्तेचा प्रश्न कसा होतो? साताऱ्याच्या हिल हाफला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाऊन परत त्याच रस्त्याने उतरता, तेव्हा परतीच्या वेगाचे कौतुक तुम्ही सगळे करताच की. त्यावर "आधी चढलो होतो ना," असे उत्तर मिळते, आणि ते बिनतोड आहे हे मला मान्य करावे लागते. चढाचे देणे फेडल्यावर मिळालेला उतार आणि बसमधून वर जाऊन फुकट मिळालेला उतार यांत फरक आहे. पहाटे चार वाजता वाईहून बसनेच आम्हाला वर नेले होते.

आता कबुलीचा भाग. २०१९ नंतर माझी वेळ दर वर्षी थोडी थोडी मागे गेली. दोन तासांच्या आत यायचे तर दर किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत व्हायला हवा. तो वेग मी दहा-बारा किलोमीटरपर्यंत सांभाळू शकत होते, पुढे नाही, आणि वयाकडे बघता पुढेही जमेल असे वाटत नव्हते. ते एक्केचाळीस सेकंद माझ्या घरात एखाद्या बिऱ्हाडकरूसारखे राहत होते. सपाटीवर ते निघणार नाहीत, हे कळल्यावर मी घाटाची शर्यत शोधली. "निसर्गरम्य मार्ग" म्हणून गेले, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगितले होते. ते खोटे होते. कृष्णेचे खोरे आणि धोमचे पाणी त्या घाटातून फार सुंदर दिसते असे म्हणतात. मी ते एकदाच पाहिले, तेही एका वळणावर वानरे रस्त्यात बसली होती म्हणून वेग कमी करावा लागला तेव्हा. बाकीचा वेळ मी घड्याळाकडे बघत होते.

तयारीत मी जी चूक केली ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. घाटाची शर्यत म्हणून मी चार रविवार सिंहगडाच्या गाडीरस्त्याने धावत वर गेले, आणि चारही वेळा खाली जीपने आले. उतार गुडघे खातो असे लहानपणापासून ऐकलेले, म्हणून शर्यतीपुरते गुडघे राखून ठेवावेत असा माझा शहाणपणा. वास्तविक चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत काम करतात आणि उतरताना ते ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून ब्रेक लावतात. ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाची सवय दुसरे काम केल्यानेच होते; एकदा बेताने उतरून स्नायूंना त्रास दिला की पुढच्या वेळी तोच उतार त्यांना कमी बाधतो. मी सवय केली ती नेमकी पहिल्याची. माझे वडील मला कात्रजच्या घाटात गाडी शिकवताना सांगायचे, की ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मी चढले पहिल्या गिअरमध्ये आणि उतरले न्यूट्रलमध्ये.

पठारावरचे पहिले नऊ किलोमीटर बेताचेच गेले. दांडेघरच्या पुढे घाट सुरू झाला आणि मला एकदम कोणीतरी मागून हलकेच ढकलते आहे असे वाटू लागले. उताराची गोम अशी आहे की दम लागत नाही. श्वास शांत असतो, बोलताही येते, त्यामुळे आपण जपून धावतो आहोत असा समज होतो. चौदावा किलोमीटर ४ मिनिटे ५८ सेकंदांत झाला. पाचच्या आतला आकडा मी माझ्या घड्याळावर इतक्या उशिरा शर्यतीत कधीच पाहिला नव्हता. समोरून एक ट्रक खालच्या गिअरमध्ये घरघरत चढत होता, मागून दुसरा तसाच घरघरत उतरत होता, आणि त्या दोघांच्या मधून मी अशी चालले होते जणू तो रस्ता माझ्यासाठीच बांधला होता.

सतराव्या किलोमीटरला डाव्या मांडीत बारीक थरथर सुरू झाली. दुखणे नव्हे; शिवणयंत्रासारखी थरथर. मी पावले आखूड करायला हवी होती. मी टाच पुढे टाकून रोखायला लागले, म्हणजे जे करू नये तेच केले. घाट संपून पसरणीजवळ रस्ता सपाट झाला तेव्हा एक तास साडेपंचेचाळीस मिनिटे झाली होती आणि फक्त १.६ किलोमीटर उरले होते. एक तास पंचावन्नच्या आत येणार, असा हिशेब मी मनात मांडला, आणि त्याच क्षणी पायांनी काम सोडले.

ते कसे होते हे मला आजही नीट सांगता येत नाही. पेटके आले नव्हते, धाप लागली नव्हती. सपाट रस्त्यावर गुडघा जेवढा उचलावा लागतो तेवढा तो उचललाच जाईना. पाऊल टाकले की मांडी त्याच्या खाली खचायची आणि दुसरे पाऊल मी पडू नये म्हणून पडायचे. ज्यांना मी घाटात मागे टाकले होते ते एकेक करून पुढे गेले, त्यांतले दोघे माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठे. मग सायकलीला दुधाच्या किटल्या लावलेले एक आजोबा बाजूला आले. ते पायडल फारसे मारत नव्हते, तरी आमचा वेग एकच होता. बराच वेळ माझ्याकडे बघून त्यांनी अगदी आपुलकीने विचारले, "ताई, चढ लागला व्हय?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आठवत नाही. त्यांनी रस्त्याकडे एकदा पाहिले, माझ्याकडे पुन्हा पाहिले आणि ते पुढे निघून गेले. दूधवाल्याची सायकल नजरेआड होईपर्यंत मी तिच्याकडे बघत धावत होते, आणि आयुष्यातली सर्वोत्तम वेळ होण्याच्या त्या दहा मिनिटांत मला फक्त लाज वाटत होती. शेवटचा पूर्ण किलोमीटर ७ मिनिटे २० सेकंदांचा झाला. पदक गळ्यात पडले तेव्हा मी एका खांबाला धरून उभी होते, कारण खाली बसले तर उठता येणार नाही एवढी अक्कल तेव्हा शाबूत होती.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या दिवशी जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले आणि पहिल्याच पायरीवर कठड्याला लटकून उभी राहिले. सासूबाई देवळात जायला मागून येत होत्या. त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी विचारले, "शर्यत उतारावर होती ना? मग पाय कसे दुखतात?" तुमच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला केव्हाही अधिक रास्त वाटतो. मी काही उत्तर देण्याआधी त्या म्हणाल्या, "उलटी उतर. कठडा दोन्ही हातांनी धर आणि पाठमोरी हो. मी चार वर्षं तशीच उतरते आहे." आम्ही दोघी एकामागे एक, भिंतीकडे तोंड करून, तीन मजले उलट्या उतरलो. चार वर्षांत त्या जिना कशा उतरतात हे मी पाहिले नव्हते, कारण रोज पहाटे पाचला मी त्यांच्या आधी धावायला बाहेर पडलेली असते. उलटा जिना खरोखर कमी दुखतो.

आता तुम्ही म्हणाल, दुखले म्हणून वेळ खरी होते का? होत नाही. हे तुमच्याआधी मीच बोलले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी अशाच एका उताराच्या हाफची वेळ सांगितली, तेव्हा सगळ्यांदेखत, "अहो, तिथून दगड सोडला तरी दोन तासांत खाली पोचेल," असे म्हणणारी मीच होते. तो विनोद पुष्कळ दिवस चालला. त्यानंतर त्या गृहस्थांनी आपल्या वेळा सांगणे बंद केले, आणि ते माझ्यामुळे, हे मला माझी वेळ जाहीर करेपर्यंत लक्षात आले नव्हते. माझ्या १:५७:१२ वर सर्वांनी दगडाची आठवण काढली. त्या गृहस्थांनी मात्र ती काढली नाही, त्यांनी फक्त लिहिले, "आठवडाभर धावू नका, मांड्यांना विश्रांती द्या." त्या वेळच्या मला आजची मी काय उत्तर देऊ, याचा मी बराच विचार केला आहे. दगडाला खाली पोचल्यावर दीड किलोमीटर सपाटीवर धावावे लागत नाही, हे एक उत्तर आहे. पण ती तेव्हाची मी लगेच म्हणेल की तो दीड किलोमीटर तू कसा धावलीस ते सांग, आणि मग माझ्याकडे उत्तर उरत नाही.

आणखी एक हिशेब सांगून टाकते, तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांनी २०२७ च्या शर्यतीपासून प्रवेशाच्या पात्रतेसाठी उताराचा दंड लावला आहे: १,५०० फुटांपासून पुढे उतरणाऱ्या मार्गावर वेळ दिली असेल तर तीत पाच मिनिटे मिळवायची, ३,००० फुटांपासून पुढे दहा. हा नियम पूर्ण मॅरेथॉनसाठी आहे, हाफशी त्याचा काही संबंध नाही. तरीही आमचा घाट साडेपाचशे मीटर, म्हणजे अठराशे फुटांच्या आसपास, अंतर निम्मे, म्हणून दंडही निम्मा, म्हणजे अडीच मिनिटे, असे धरले तर माझी वेळ १:५९:४२ येते. दोन तासांच्या आत, अठरा सेकंदांनी. पूर्ण पाच मिनिटे धरली तर २:०२:१२ येते, म्हणून मी ती धरत नाही.

पुढच्या डिसेंबरच्या शर्यतीचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला. सुरुवातीला कोणत्या गटात उभे करायचे हे ठरवण्यासाठी त्यात तुमची सर्वोत्तम वेळ विचारतात. तिथे मी २:००:४१ लिहिले, कारण १:५७ वाल्यांच्या गटात उभी राहिले तर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मला तुडवून जातील. त्याच संध्याकाळी नणंदेने फोनवर विचारले तेव्हा १:५७ सांगितले.

घाटाच्या शर्यतीतही पुन्हा नाव घातले आहे. गेल्या रविवारी सिंहगडावरून पहिल्यांदा जीप न घेता, पावले आखूड ठेवत, खालपर्यंत पायी धावत उतरले. सोमवारी जिना सरळ उतरले. मंगळवारी उलटा उतरावा लागला, पण सासूबाई पुढे होत्या आणि त्यांना ओलांडून जाणे जमले नाही.