जायफळ कधी लावायचं

मिरग लागला. उतारावरच्या मोकळ्या जागेत काय लावायचं ते या पावसातच ठरवायला हवं, नाहीतर वर्ष गेलं.

त्यात परवाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक फॉर्म भरायला दिला होता. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ मी आमच्याच गावाचं नाव लिहिलं, ‘सावईवेऱ्यात.’ साधनव्यक्तीला ते काही रुचलं नाही. पण कुळागराच्या, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेच्या, घरात पाच वर्षं हा फारच अडनिडा काळ. केळ वर्षभरात घड देते, अननस दीड वर्षात, मिरी तीन-चार वर्षांनी धरते. सुपारी मात्र पाच-सहा वर्षं घेते, गावठी माड त्याहून जास्त. पाच वर्षांनी कोणी हिशेब मागायला आलं, तर अर्धं कुळागर नापास.

म्हणून रात्री वहीत ‘मी कोण होणार’ वगैरे काही लिहिलं नाही. थांबू शकतं काय आणि थांबणार नाही काय, एवढंच लिहिलं.

वय ४३. साठाव्या वर्षी निवृत्ती. पीपीएफ १५ वर्षांचा, म्हणजे आता उघडला तर निवृत्तीआधी हातात येतो, पन्नाशीत उघडला तर नाही. वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत कितीही भरता येतात, त्यामुळे ओढाताणीच्या वर्षीही खातं जिवंत ठेवता येईल. हे थांबणार नाही. गुडघेही थांबणार नाहीत.

पोर्तुगीज शिकायचं आहे. पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद कपाटात पडून आहेत, आणि घरात एकालाही त्यातली ओळ लागत नाही. पणजीत वर्ग चालतात. पण ते काय, पन्नाशीतही जमेल. लिहिलं, थांबू शकतं.

मोठं ध्येय म्हटलं की आमच्याकडे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींचं नाव निघतंच. आपल्या गोव्यातल्या साखवाळचे. घरचे माड सांभाळणारा तरुण १८९९ मध्ये बुद्ध समजून घ्यायला घर सोडतो, पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असा फिरत शिकतो आणि १९१० मध्ये हार्वर्डला पोचतो. वर्गात सांगताना अजून अंगावर काटा येतो. पण मागे बायको आणि तान्ही मुलगी होती, तिथे मी दरवेळी अडते. कोणीतरी घर धरून बसलं म्हणून ते जमलं. आणि माझ्या यादीत बघते तर थांबायला सांगितलेली एकमेव गोष्ट फक्त माझी होती! पैसे सगळ्यांचे, कुळागर सगळ्यांचं.

खोडून वर घेतली. नवऱ्याला सांगितलं, वर्गाच्या दिवशी जेवण आणि आईंची औषधं तुमच्याकडे. ‘आणि शिंपण?’ म्हणाले. तेही.

राहिली उतारावरची जागा. माझ्या मनात जायफळ. सासूबाईंना विचारलं.

‘बियांचं नको गो. सात वर्षं पाणी घालायचं, फुललं की कळणार नर, फळ नाहीच! मग काय, सावलीत बसणार?’

‘कलमं आणते ना. चार-पाच वर्षांत धरतात.’

‘मग सुपारीच का नको?’

कारण सुपारीवर चढायला माणूस लागतो, माडाला नारळ पाडणारा पाडेली लागतो, आणि पाडेली आजच आठ-आठ दिवस फोन करून येत नाही. मी साठीची होईन तेव्हा कुठून आणू? जायफळ पिकलं की आपसूक फुटून खाली पडतं. वेचायचं, जायपत्री सोडवायची, सुकवायची. हे काम म्हातारपणीही बसून होतं. लांबचा बेत करायचा तर तो तेव्हाच्या हातापायांना झेपणारा हवा, असं मला वाटतं. तिशीत आखलेले बेत बहुतेक तिशीच्याच अंगाला बेतलेले असतात.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘आणि पिकतं कधी? ऐन पावसात. सुकवणार कुठे, तुझ्या पीपीएफमध्ये?’

यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुलीवरच्या माळ्यावर थोडं सुकेल, झाडं मोठी झाल्यावरचा ढीग नाही. वहीत चौथ्या वर्षाच्या खर्चात ‘ड्रायर’ लिहिला आणि त्यासाठी पोस्टात वेगळं आवर्ती खातं काढायचं ठरवलं. अंतर पंचवीस-तीस फूट धरलं तर तेवढ्या जागेत फार झाडं बसतही नाहीत.

‘दोन कलमं जास्त आण,’ सासूबाई आत जाता जाता म्हणाल्या. ‘एखादं मरतंच.’