आयलंड एअर: हवाईतली एक छोटी विमान कंपनी

हवाईच्या माउई बेटावर राहायला आलं की ‘गाडी काढली आणि निघालो’ ही सवय सुटते. शेजारच्या लानाई बेटाची बोट सोडली, तर दुसऱ्या बेटावर जायला विमानाशिवाय मार्ग नाही. गाड्याही नेणारी सुपरफेरी २००७ मध्ये सुरू झाली नि २००९ मध्ये बंद पडली. त्यामुळे इथली छोटी विमानं म्हणजे आपली लाल एसटी! माउईच्या काहुलुई विमानतळावर बघा, कुणाच्या मांडीवर क्रिस्पी क्रीमच्या डोनटचे दोन-तीन खोके, घरच्यांसाठी. शेजारी कुणी दवाखान्याची फाइल घेऊन बसलेलं.

आयलंड एअर अशा लोकांची कंपनी होती. १९८० मध्ये ती ‘प्रिन्सव्हिल एअरवेज’ नावाने सुरू झाली, काउआई बेटावरच्या रिसॉर्टच्या पाहुण्यांची ने-आण करायला. १९८७ मध्ये ‘अलोहा’ या विमान कंपनीने ती घेतली. ट्विन ऑटर आणि नंतर ३७ आसनी डॅश-८ ही तिची विमानं. मोलोकाई, लानाई या छोट्या बेटांवरच्या आखूड धावपट्ट्यांना आणि मोजक्या प्रवाशांना अशीच छोटी विमानं परवडतात.

पुढे मालक बदलत गेले. २०१२ मध्ये जवळजवळ अख्खं लानाई विकत घेणाऱ्या, ‘ओरॅकल’ कंपनीच्या लॅरी एलिसन यांनी २०१३ मध्ये ही कंपनीही घेतली. विमानं मोठी होत गेली, आधी एटीआर-७२, मग २०१७ मध्ये ७८ आसनी क्यू-४००. माझ्या मते घोडं इथेच अडलं. एवढ्या जागा भरायच्या तर होनोलुलू, काहुलुई, कोना, लिहुए या मोठ्या विमानतळांमधल्याच मार्गांवर उडायला हवं, आणि तिथे हवाईयन एअरलाइन्सची जेट विमानं दिवसभर ये-जा करत होती. मोलोकाई आणि लानाई तर वेळापत्रकातून आधीच गेले होते.

१६ ऑक्टोबर २०१७ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भाडेपट्ट्याची विमानं त्यांच्या मालकांनी परत मागितली आणि १० नोव्हेंबरला सगळं थांबलं. सुमारे ४०० माणसांची नोकरी गेली. ऐन थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर! बेटावर दुसरी विमान कंपनी कुठून आणायची? मला याचं अजून वाईट वाटतं.

हवाईयननेही २०२१ मध्ये मोलोकाईची आपली छोटी विमानं बंद केली. आता तिथे मुख्यतः नऊ आसनी सेसना विमानं. आमच्या शेजारच्या आंटींची बहीण मोलोकाईला असते. होनोलुलूच्या डॉक्टरांनी तारीख दिली, की ती आधी विमानात जागा आहे का बघते आणि मगच डॉक्टरांना होकार कळवते.