ग्लुवाइनचं पातेलं

आम्ही जर्मनीतल्या ड्रेस्डेनला राहायचो तेव्हा मुलांच्या प्राथमिक शाळेत दर डिसेंबरला अ‍ॅडव्हेंटचा बाजार भरायचा. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. त्यातला पहिला रविवार झाला की येणाऱ्या शुक्रवारी दुपारी तीनला शाळेच्या अंगणात टेबलं लागायची. चारला सूर्य मावळायचा, आणि मग झाडांना टांगलेले कागदी हेर्नहुट तारे, म्हणजे आत दिवा असलेले अनेक टोकांचे तारे, पिवळेधमक दिसायला लागायचे. थोरली चौथीत गेली तेव्हा धाकटा पहिलीत आला. तिथली प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. म्हणजे दोघांचे मिळून सात डिसेंबर मी त्या अंगणात काढले, आणि सातही वेळा एकाच पातेल्यापाशी.

शहरात खरं तर श्ट्रीत्सेलमार्क्ट नावाचा नाताळबाजार आहे, १४३४ पासून भरणारा, लांबून लांबून लोक येतात. आम्हीही जायचो. पण मला ओढ असायची ती शाळेच्या बाजाराचीच.

प्रत्येक वर्गाचा एक स्टॉल. गवताच्या काड्यांचे तारे, वॉफल, सूप, जुनी पुस्तकं, आणि एक टेबल ग्लुवाइनचं, म्हणजे मसाले घालून गरम केलेल्या वाइनचं. पहिल्या वर्षी पालकसभेत कामांचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा एवढीच एक ओळ रिकामी होती. माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं आणि वाइन मी कधी गरम केलेली नव्हती. नाव लिहिलं. सभेनंतर थोरलीच्या वर्गातल्या एका मुलीची आजी माझ्याकडे आली, कागदावर माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "पातेलं माझ्याकडे आहे."

ते पातेलं म्हणजे फळं नि भाज्या बरण्यांत भरून टिकवायचं विजेचं भांडं. एनॅमलचं, २७ लिटरचं, खाली तोटी आणि पुढे तापमानाची चकती. तिथे घरोघरी माळ्यावर असं एक सापडतं. तिच्या भांड्याचा कानाजवळचा एनॅमल उडाला होता, आणि चकतीवर ७० नि ८० च्या मधोमध नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "याच्या पुढे नाही," एवढंच तिने सांगितलं.

पुढे का नाही, ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. आजी नातीचं गाणं ऐकायला आत गेली होती, रांग वाढत होती, लोक थंडीने पाय आपटत होते, आणि मी चकती ९० वर नेली. दहा मिनिटांत झाकण थडथडायला लागलं. वास तर अंगणभर असा पसरला की लोक माना वळवून बघायला लागले. पण कपात काय उतरलं? अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे त्यातलं काही उडून गेलं होतं. संत्र्याच्या सालीचा आणि लवंगेचा कडवटपणा मात्र सगळा उतरला होता. आजी आली, डाव तोंडाला लावला आणि काही न बोलता तोटीखाली बादली ठेवली. वीस लिटर वाइन ओतताना माझे डोळे भरून आले. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता मला डू म्हण." जर्मनमध्ये वडीलधाऱ्या माणसाला आपणहून एकेरीत हाक मारता येत नाही, त्यांनीच तसं म्हणायला हवं. दोन वर्षं मी तिला 'झी' म्हणत होते.

त्या संध्याकाळी बाजार चुकला नाही. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात छोट्या पातेल्यात संत्र्याचा रस, साखर आणि सगळा मसाला एकत्र करून पंधरा मिनिटं चांगला उकळला, गाळला आणि तो दाट पाक नव्या कोमट वाइनमध्ये ओतला. उकळायचा तो मसाला, वाइन फक्त तापवायची. पुढे आम्ही हा पाक आदल्या रात्रीच माझ्या घरी करायला लागलो, आणि रात्रभर मुरल्यावर तो आणखी छान लागायचा.

प्रमाण माझ्या हातात बसलं आहे: लिटरमागे दालचिनीच्या दोन कांड्या, पाच-सहा लवंगा, एक चक्रीफूल, एका संत्र्याचा रस आणि साल, तीन-चार चमचे साखर. मसाला अख्खाच घ्यायचा. पूड घातली की वाइन गढूळ होते आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. संत्री मेण न लावलेली, आणि साल फक्त वरची केशरी, पांढरा भाग आला की कडू. वाइन कोरडी, साधी, फळांच्या चवीची. आम्ही डॉर्नफेल्डर ही तिथली लाल वाइन घ्यायचो. स्वस्त चालते, वाईट चालत नाही. वाईट वाइन मसाल्याने झाकली जाते असं लोक म्हणतात, पण तापवल्यावर उलट तिचं वाईटपण जास्तच जाणवतं.

पाचव्या वर्षी आजीने पांढरी करायचं ठरवलं. ड्रेस्डेनला लागून राडेबॉइल आहे, एल्ब नदीकाठी द्राक्षमळे असलेलं. जर्मनीतली सर्वांत जुनी मानली जाणारी ग्लुवाइनची कृती तिथल्याच वाकरबार्ट नावाच्या सरदाराची, १८३४ सालची, पांढऱ्या वाइनची आणि केशर घातलेली. आम्हीही चार काड्या केशर घातलं. रंग उन्हासारखा आला. एक आजोबा तीनदा कप भरून घेऊन गेले.

मुलांसाठी दुसरं पातेलं असायचं: लाल फळांचा चहा, सफरचंदाचा रस, द्राक्षाचा रस आणि तोच मसाला. त्याचा डाव वेगळा, दांड्याला निळी फीत बांधलेला. कपाला दोन युरो अनामत, कप परत दिला की पैसे परत. मुलं अंगणभर हिंडून मोठ्यांनी विसरलेले कप गोळा करायची आणि श्रीमंत होऊन घरी जायची. धाकट्याने एका वर्षी अकरा कप आणले होते.

कप हातात घेतला की कुणी लगेच पीत नसे. आधी हातमोजे काढायचे, दोन्ही तळवे कपाला लावायचे, नाक वाफेत धरायचं. बोलणं त्यानंतर. ज्या पालकांशी वर्षभर फाटकाशी नुसतं "हालो" व्हायचं, त्यांच्या घरच्या गोष्टी मला या टेबलापाशी कळल्या.

सातव्या वर्षी नातीने शाळा सोडून अडीच वर्षं झाली होती, तरी आजी आली. गुडघे दुखत होते म्हणून मी तिला पातेल्याशेजारी खुर्ची दिली, मांडीवर घोंगडी घातली. चकती ठिपक्यावर होती. मी डावात थोडी वाइन घेऊन तिच्यापुढे धरली. तिने फुंकर घातली, चाखली, डोळे मिटून थोडा वेळ बसली.

"अजून एक संत्रं," ती म्हणाली.

मी चाकू घेतला.