बदली दिग्दर्शक

एखादा दिग्दर्शक आवडला की लोक त्याच्या पहिल्या सिनेमापासून सुरुवात करतात. मी शेवटून करतो. शेवटचे दोन-तीन सिनेमे सहसा 'पूर्वीची मजा नाही' म्हणून बाजूला टाकलेले असतात. मला मात्र त्यांत एक वेगळीच गंमत सापडते. शरीराने घातलेल्या अटी तिथे थेट पडद्यावर दिसतात.

सत्यजित राय यांना १९८३ मध्ये 'घरे बाइरे' करताना हृदयविकाराचा झटका आला. पुढे १९८९ मध्ये 'गणशत्रू' आला तो जवळजवळ सगळा चार भिंतींतला, कारण बाहेरच्या चित्रीकरणाला डॉक्टरांची मनाई. तो मला थोडा अवघडलेलाच वाटतो. नाटकाची तालीम बघतोय असं होतं. पण १९९१ चा 'आगंतुक' बघा. त्यातही माणसं बहुतेक वेळ दिवाणखान्यात बसून बोलतात. पस्तीस वर्षांनी उगवलेला मामा खरा की तोतया, याची खात्री करायला घरचा एक मित्र त्याची उलटतपासणी घेतो. नुसते चेहरे आणि प्रश्नोत्तरं. उत्पल दत्त शांतपणे एकेक उत्तर देत राहतात आणि हळूहळू तोल सुटतो तो प्रश्न विचारणाऱ्याचा! इथे कॅमेऱ्याला कुठे पळावंसंच वाटत नाही. आणि या मामाच्या तोंडी जे चार ओळींचं गाणं आहे, त्याचा आवाज खुद्द राय यांचा. पुढच्याच वर्षी ते गेले.

हॉलिवूडच्या जॉन ह्यूस्टनने 'द डेड' केला तो चाकाच्या खुर्चीत बसून, नाकात प्राणवायूची नळी घालून. पटकथा मुलाची, मुख्य भूमिकेत मुलगी. जेवणाच्या टेबलाभोवतीची ती रेंगाळलेली संध्याकाळ तरण्या दिग्दर्शकाने नक्की कापली असती.

अट न मानणारेही असतातच. देव आनंद यांचा 'चार्जशीट' २०११ मध्ये आला, तेव्हा ते अठ्ठ्याऐंशीचे. सिनेमा बरा आहे असं मी मैत्रीखातरही म्हणणार नाही. पण दिग्दर्शन त्यांचंच, पडद्यावरही तेच. थांबा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

थांबा म्हणायचं काम खरं तर विमा कंपन्या करतात. माणूस मधेच गेला आणि सिनेमा अडला, तर भुर्दंड त्यांना. 'गेस हू इज कमिंग टू डिनर'च्या वेळी आजारी नट स्पेन्सर ट्रेसीचा विमा उतरवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सहनायिका कॅथरिन हेपबर्न आणि दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर यांनी आपापलं मानधन तारण ठेवलं. चित्रीकरण संपलं आणि तीन आठवड्यांच्या आत ट्रेसी गेला.

रॉबर्ट ऑल्टमनच्या शेवटच्या सिनेमात तर विम्यासाठी बदली दिग्दर्शक ठेवावा लागला, आणि तो कोण? पॉल थॉमस अँडरसन, स्वतःच नावाजलेला दिग्दर्शक! राखीव खेळाडू म्हणून सचिनला बसवण्यातला प्रकार. त्याच्यावर मैदानात उतरायची वेळ आली नाही. ऑल्टमन पक्का होता. आपलं हृदय बदललेलं आहे ही गोष्ट त्याने दहा-अकरा वर्षं लपवून ठेवली होती. कळलं तर काम कोण देणार? २००६ मध्ये मानद ऑस्कर घेताना व्यासपीठावरच त्याने ते फोडलं. वर हिशेबही मांडला: हे हृदय एका तरुण बाईचं आहे, म्हणजे माझ्याकडे अजून चाळीसेक वर्षं आहेत, तुम्ही हा पुरस्कार जरा लवकरच देताय.